आर्यनला सोडू की मिनर्व्हाला?

सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की पुण्यात दुपारच्या जेवणाआधी पोचता येतं. काम मावसभावाच्या घरचं होतं, संध्याकाळचं. दिवस हाताशी मोकळा. स्टेशनाबाहेर रिक्षात बसलो आणि म्हटलं, "मंडई."

रिक्षावाला जेमतेम बावीस-तेवीसचा. म्हणाला, "आत नाही घालत काका, गर्दी असती. आर्यनला सोडू की मिनर्व्हाला?"

मी एकदम सावरून बसलो. या पोराच्या जन्माच्या कितीतरी आधी आर्यन पाडलेलं. "आर्यन टॉकीज तुला कसं माहीत रे?"

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "टॉकीज कुठलं? पार्किंग हो काका. आर्यन पार्किंग."

मंडईजवळची महापालिकेची दोन वाहनतळं आजही आर्यन आणि मिनर्व्हा या नावांनीच ओळखली जातात. टॉकीज गेलं, नाव राहिलं. तिथं आता दुचाकी उभ्या राहतात. मला संध्याकाळपर्यंत काय करायचं ते या पोरानं फुकटात सांगून टाकलं. फुकटात म्हणजे मीटरप्रमाणे.

आर्यनपाशी उतरलो. पुण्यातलं पहिलं पक्कं चित्रपटगृह इथं होतं, 1915 मध्ये गंगाधरपंत पाठकांनी सुरू केलेलं. त्याआधी सिनेमा म्हणजे तंबू, नाहीतर नाटकाच्या थिएटरात टांगलेला पडदा. मुळात त्या वर्षी हिंदुस्थानी सिनेमा होता तरी किती? फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईला गिरगावात लागून पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. अशा वेळी भाजीबाजाराच्या शेजारी कायमचं थिएटर बांधायचं म्हणजे माणूस एकतर दूरदृष्टीचा असला पाहिजे, नाहीतर हट्टी. पुण्यात या दोन गोष्टी वेगळ्या काढणं अवघड.

जागा मात्र अचूक निवडलेली. मंडईत सकाळी माल उतरवणारे, दिवसभर हमाली करणारे, तुळशीबागेत खरेदीला आलेल्या बायका, सगळा प्रेक्षक पायाखालच. मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याची इमारत 1886 ची, तिचं मूळ नाव रे मार्केट. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव मिळालं. नावांच्या बाबतीत हे शहर असंच चालतं, हे दिवसभरात पुन्हा पुन्हा दिसणार होतं.

आर्यनचा मोठा दिवस 1920 चा. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात, स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' काढला आणि तो इथं आर्यनला लागला. लोकमान्य टिळकांनी पाहिला आणि पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. टिळकांचं ते शेवटचं वर्ष, ऑगस्टमध्ये ते गेले. आता तिथं उभं राहून हे सगळं डोळ्यांपुढे आणायचं म्हटलं तर समोर अॅक्टिव्हांची रांग, आणि पावती फाडणारा माणूस विचारतोय, "गाडी कुठंय?" गाडी नाही, नुसता बघतोय, म्हटल्यावर त्यानं मला संशयितांच्या यादीत टाकलं.

मी स्वतः आर्यनमध्ये सिनेमा पाहिला की नाही, हे नक्की सांगता येत नाही. आई म्हणते पाहिलास, मांडीवर झोपून. 1983 मध्ये ते पाडलं तेव्हा मी अकरा वर्षांचा, मे महिन्याच्या सुट्टीत नारायण पेठेत मावशीकडे यायचो. मला आठवतं ते एवढंच की एका वर्षी मोठी माणसं जेवताना "आर्यन जाणार" असं कुणीतरी आजारी असल्यासारखं बोलत होती.

बेलबाग चौक ओलांडून, दगडूशेठवरून अप्पा बळवंत चौकाकडे निघालो. अंतर रमतगमत दहा मिनिटांचं. ही दहा मिनिटं मला महत्त्वाची वाटतात. पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर 1929 मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' काढली. 1933 मध्ये कंपनी पुण्याला आली. आणि 1934 च्या सप्टेंबरात त्यांचं स्वतःचं थिएटर सुरू झालं ते आर्यनपासून या दहा मिनिटांवर. गुरूच्या सिनेमाला जिथं टिळकांची शाबासकी मिळाली, त्या मोहल्ल्यातच चेल्यांनी आपला पडदा लावला. मुद्दाम नसेलही. पण चालत गेलं की हे पायांना कळतं, नुसत्या सनावळीत कळत नाही.

अप्पा बळवंत चौक, म्हणजे पोरांच्या भाषेत एबीसी. इथं आधी पाठ्यपुस्तकं मिळतात, मग गाईड, मग वडापाव. प्रभात कोपऱ्यावर उभं असायचं आणि पुस्तकं घ्यायला म्हणून घरून दिलेल्या पैशातले काही त्या कोपऱ्यावर गळायचे. आमचा मावसभाऊ हिशेबात ते 'वह्या' म्हणून दाखवायचा. त्याच्याइतक्या वह्या पुणे विद्यापीठात कुणी भरल्या नसतील.

आता दर्शनी पाटी किबे लक्ष्मी थिएटर. नाव नवं वाटतं, पण जागेचे मालक मुळापासून इंदूरचे किबे सरदारच. प्रभात भाडेकरू होतं. करार संपला तेव्हा, 2014 च्या डिसेंबरअखेर, प्रभातनं जागा मालकांना परत दिली. भाडेकरू ऐंशी वर्षं राहिला म्हटल्यावर घर त्याचंच वाटायला लागतं, बघणाऱ्यांनाही. त्या शेवटच्या आठवड्यात मावसभाऊ मुद्दाम जाऊन आला. सिनेमा कुठला होता विचारलं तर म्हणाला, "त्याच्याकडे कोण बघतंय, मी छताकडे बघत बसलो होतो."

खरी गंमत पुढे आहे. प्रभात फिल्म कंपनी 1953 मध्येच बंद पडली. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'रामशास्त्री' काढणारी ती कंपनी संपली, स्टुडिओच्या जागी 1960 मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि कंपनीचं नाव मात्र पेठेतल्या या थिएटरवर आणखी साठ वर्षं नांदलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना प्रभात म्हणजे थिएटरच माहीत होतं, कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारीवाली बाई नंतर कळली. अशोक सराफ-लक्ष्मीकांत बेर्डेंच्या सिनेमांना आम्ही इथं जे हसलो, ते दामले-फत्तेलालांच्या छताखाली हसतोय याची कुणाला कल्पना होती? एरंडवण्यातला प्रभात रोडही त्या स्टुडिओवरूनच. तिथल्या आजच्या फ्लॅटच्या किमती ऐकल्या तर तुकाराममहाराज इंद्रायणीकडे पुन्हा वळतील.

नारायण पेठेत मावशीचा वाडा होता, तिथं आता पाच मजली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर आमचे ऑपरेटरकाका राहतात. वाड्यात असताना ते मागच्या दोन खोल्यांत राहायचे आणि पेठेतल्याच एका टॉकीजमध्ये मशीनवर होते. वय आता चौऱ्याऐंशी. मी आल्याचं कळल्यावर त्यांनी आधी चहा टाकायला सांगितला आणि मग विचारलं, "हा कुठला?"

"मावशींचा सोलापूरचा भाचा. केबिनमध्ये घेऊन गेला होतात मला."

"बऱ्याच पोरांना नेलंय," ते म्हणाले. पण खूश झाले.

त्या केबिनमधली ऊब मला अजून आठवते. आत दोन मशीन. एकावर रीळ चालू, दुसऱ्यावर पुढचं भरून तयार. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो, तो दिसला की दुसरी मोटर सुरू करायची, लगेच दुसरा ठिपका, की पहिल्याचा उजेड बंद आणि दुसऱ्याचा चालू. प्रेक्षकाला कळता कामा नये. काका म्हणाले, "अख्खं आयुष्य कोपऱ्याकडे बघण्यात गेलं. हिरॉइन मधे असायची, मी कोपऱ्यात."

आणि उजेड विजेच्या दिव्याचा नव्हे, कार्बनचा. दोन कांड्या समोरासमोर, त्यांच्या टोकांमध्ये ठिणगी धरून ठेवायची. कांड्या जळत जातात, अंतर वाढतं, मग हातानं पुढे सरकवायच्या. क्षणभर दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडतो, मग काळवंडतो, आणि खालून थर्ड क्लासमधून आरोळी येते.

"काय ओरडायचे?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माझ्या बायकोदेखत नाही सांगणार," काका म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, "मला माहितीये सगळं. मी थर्डातच बसायचे."

सायकलवाल्या पोऱ्याची गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली. प्रिंट महाग, म्हणून कधी कधी दोन थिएटरांत मिळून एकच. इकडचा खेळ अर्धा तास आधी लावायचा, रीळ उतरलं की डब्यात घालून पोऱ्या सायकलवरून पलीकडच्या थिएटरात पोचवणार, येताना आधीचं घेऊन येणार. एकदा त्याची सायकल पंक्चर झाली. पलीकडे इंटरव्हल लांबला, लांबत गेला, लोकांचे दाणे संपले, परत घेतले, तेही संपले. "त्या दिवशी दाणेवाल्यानं पोऱ्याला चहा पाजला," काका म्हणाले. आता सिनेमा उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवर येतो, बटण दाबलं की झालं. काकांना त्याचं फारसं दुःख नाही. कार्बनच्या धुरानं खोकून खोकून बेजार झालेला माणूस जुन्या दिवसांसाठी उसासे टाकत नाही, हे मी लक्षात ठेवलं. उसासे आपण टाकतो, खाली खुर्चीत बसलेले.

निघताना विचारलं, "तुमचं टॉकीज नक्की कुठं होतं हो?" त्यांनी खुणेदाखल सांगितलेली चारही ठिकाणं आज अस्तित्वात नाहीत. पण काकूंना ती चारही पटली.

लक्ष्मी रोडला लागलो. विजय टॉकीज चौक. टॉकीजचं पूर्ण नाव लिमये नाट्यचित्र मंदिर. हे नाव मला फार आवडतं, नाट्य आणि चित्र दोघांनाही एका छताखाली घेणारं. कुठला धंदा टिकेल याचा अंदाज नसताना माणूस असंच शहाणपणानं नाव ठेवतो. रस्त्यावर साड्यांची दुकानं आणि चालायला जागा नाही, त्यामुळे पुण्यातला माणूस करतो तेच केलं, रस्त्याच्या मधून चालायला लागलो.

चालता चालता लक्षात आलं, मी नकळत विसर्जन मिरवणुकीची वाट धरली होती. अनंत चतुर्दशीला मानाचे गणपती मंडईतून निघतात, बेलबागेवरून लक्ष्मी रोडला लागतात, विजय टॉकीजवरून अलका टॉकीज चौकात येतात आणि तिथून नदीकडे. मिरवणूक कुठवर आली हे पुण्यात असंच सांगतात. "कसबा अलकाला पोचला", "तुळशीबाग अजून विजयपाशीच आहे." गणपतीचा प्रवासही टॉकीजांच्या हिशेबानं.

कॅम्पात मात्र या खेपेला गेलो नाही. तिकडची गोष्ट निराळी. पेठांमध्ये पोथीतले देव पडद्यावर येत होते तेव्हा कॅम्पात गोऱ्या सोल्जरांसाठी इंग्रजी सिनेमे लागायचे. ईस्ट स्ट्रीटवरचं कॅपिटॉल त्यातलंच. 24 जानेवारी 1943 ला, चले जाव आंदोलनाच्या दिवसांत, तरुण क्रांतिकारकांनी तिथं बॉम्बस्फोट घडवला. पुढे त्या थिएटरचं नाव व्हिक्टरी झालं. एवढी नावं बदलली, पण 'व्हिक्टरी' हे नाव वाचताना मी थोडा थबकतो.

अलका चौकात पोचेपर्यंत साडेपाच झाले होते. पाच-सहा रस्ते इथं एकमेकांच्या अंगावर येतात आणि सिग्नलचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीनं लावतो. अलका म्हणजे आमच्या लहानपणी इंग्रजी सिनेमा. मावसभाऊ तिथून आला की दोन दिवस खांदे उडवून बोलायचा.

तेवढ्यात पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी मोबाईल फिरवत फिरवत माझ्यापाशी येऊन थांबली. "काका, लोकमान्य टिळक चौक कुठंय? मॅप म्हणतोय, आलं, पण इथं कुणाला सांगताच येईना."

"हाच," मी म्हटलं. "अलका टॉकीज विचारायचं."

तिनं मान डोलावली, फोन कानाला लावला आणि पलीकडच्या माणसाला मोठ्यानं सांगितलं, "हां, मी अलकाला उभीये. ये तू."

माझाही फोन वाजला. मावसभाऊ. "कुठं आहेस?"

"अलकाला."

"थांब तिथंच. हेल्मेट एकच आहे, आतल्या रस्त्यानं येतो."