बोथट समजलेलं ब्लेड

वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात आमच्या अंगणातला कडुलिंब उन्मळून पडला. झाड आईच्या हातचं होतं. ती आता नाही, त्यामुळे त्याचं लाकूड सरपणाला जाऊ द्यायचं नाही हे घरात कुणी न बोलताच ठरलं. मोठा बुंधा वखारीत नेऊन चिरून आणला. फूट-दीड फूट लांबीचे ओंडके मात्र मी घरीच ठेवले. त्यांचे पाट करायचे होते, घरातल्या प्रत्येकाला एक, म्हणजे सहा.

माझं वर्कशॉप म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं जुनं मागाचं शेड. आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दोन यंत्रमाग इथं होते. ते विकल्यावर पत्र्याखालची जागा रिकामी पडली आणि मी तिथं सुतारकामाची हत्यारं मांडत गेलो. चार वर्षांपूर्वी १४ इंची चाकांचा बँडसॉ घेतला. वखारीत जो आरा असतो त्याचंच हे घरगुती रूप: वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून फिरणारं दातेरी ब्लेड.

ओंडक्याची एक बाजू वाकसानं तासून सपाट केली (गोल ओंडका टेबलावर लोळतो आणि ब्लेड आवळून धरतो, हे कधीही करू नका) आणि कापायला घेतला. पहिल्या दोन फळ्या छान निघाल्या. तिसरीला ब्लेड उजवीकडे सरकायला लागलं. फळी एका टोकाला २० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला जेमतेम १४. चौथीला जळका वास आला, कापावर तपकिरी पट्टे उमटले. मी लाकूड जास्त जोरानं रेटलं. तेव्हा तर ब्लेड मधेच पोट काढून वाकलं आणि फळीचा मध्य खोलगट झाला.

दात गेले, असं मी धरून चाललो. नवं ब्लेड आणलं, चढवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचीही तीच गत. दोन दिवसांत दोन ब्लेडं बोथट कशी होतील? पण तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही. घर्षण होतंय तर वंगण द्यावं, असं डोक्यात आलं आणि मी फवाऱ्याच्या डब्यातलं तेल ब्लेडवर दोन्ही बाजूंनी मारलं.

पाच मिनिटं बरं चाललं. मग तेल ब्लेडवरून चाकाच्या रबरी पट्टीवर गेलं, तिथं ओला भुसा चिकटून त्याचे टेंगळे झाले आणि ब्लेड धडधडायला लागलं. ब्लेड चाकावरून घसरतंय हे आवाजावरून कळलं आणि मी मशीन बंद केली. कापलेल्या फळीवर तेलाचे काळपट डाग पडले होते.

आप्पा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. उठून आले, चाकाला बोट लावलं, ते माझ्यापुढं धरलं. "तेल पाजलंस व्हय? अरे, जिथनं माल जातो तिथं तेल घालायचं नसतं."

मागावरचा हा नियम मी लहानपणापासून ऐकलेला. तेल बेअरिंगला, गिअरला, जिथं लोखंडावर लोखंड घासतं तिथं. सूत ज्या वाटेनं जातं तिथं थेंबही नाही. तेलाला कापसाची फुली, म्हणजे सुताचे उडणारे बारीक तंतू, चिकटते, त्याची कीट होते, कीट कापडावर उतरते आणि डागाळलेली चादर सेकंडच्या गठ्ठ्यात जाते. माझ्या मशीनवर कापडाच्या जागी लाकूड होतं, फुलीच्या जागी भुसा होता. बाकी सगळं तेच.

मग आप्पांनी विचारलं, "पट्टा काढून बघितलास का?" पट्टा म्हणजे ब्लेड. बघितला नव्हता.

प्लग काढला, ताण सैल केला, ब्लेड उतरवलं आणि दारातल्या उजेडात धरलं. ब्लेडचे दात आळीपाळीने थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे वाकवलेले असतात. त्यामुळे काप ब्लेडच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि दातांमागच्या भागाला मोकळी वाट मिळते. माझ्या ब्लेडवर ती वाटच उरली नव्हती. दातांच्या बाजूला आणि दोन दातांमधल्या खाचेत तपकिरी, काचेसारखा कडक थर बसला होता. नखानं खरवडला तर खवला निघाला, वास कडुलिंबाचा. लाकडातला डिंकच तो, वाळून बसलेला. एका बाजूला थर जास्त होता आणि काप नेमका त्याच्या उलट बाजूला ओढला जात होता.

धार तपासायची एक साधी रीत मला वखारीतल्या मिस्त्रीनं पूर्वी दाखवली होती. दाताचं टोक उजेडाकडे करून बघायचं. बोथट टोक सपाट झालेलं असतं, त्यावर पांढरी रेघ चमकते. धारदार टोकावर उजेड ठरतच नाही. एका दाताचा थर खरवडून मी तसं बघितलं. रेघ नव्हती. जे ब्लेड मी भंगारात टाकणार होतो, त्याला धार होती.

धुण्याची तयारी केली. हातमोजे आणि गॉगल घालूनच ब्लेडची तीन वेढ्यांची घडी केली, कारण घडी सुटली तर ब्लेड स्प्रिंगसारखं उसळतं. जुन्या परातीत कोमट पाणी, लिटरला दोन चमचे धुण्याचा सोडा, त्यात वीस मिनिटं बुडवून ठेवलं. कडुलिंबाचा आणि बाभळीचा डिंक पाण्यानं मऊ होतो, त्यामुळे तो लवकर सुटला. पाइनच्या खोक्यांची राळ मात्र नुसत्या पाण्याला दाद देत नाही. तिला सोड्यात जास्त वेळ ठेवावं लागतं, किंवा टर्पेंटाइनचा बोळा फिरवावा लागतो (बोळा नंतर बाहेर उघड्यावर वाळवायचा, आत गोळा करून ठेवायचा नाही). वीस मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशनं घासलं, टोकांकडून खाचेकडे नाही, तर पाठीकडून दातांकडे, म्हणजे ब्रश दातांत अडकत नाही. पाणी चहासारखं झालं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे दुसरं ब्लेडही त्याच पाण्यात धुतलं. काही बिघडलं नाही.

तारेचा पोलादी ब्रश आणि ओव्हन साफ करायची जहाल रसायनं मी टाळली. साध्या ब्लेडचं निभावेल कदाचित, पण कार्बाइडचे दात जोडलेले असतील तर जहाल रसायनानं जोड खराब होऊ शकतो.

कोरड्या फडक्यानं पुसून ब्लेडं उन्हात टांगली. मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हात पाच मिनिटंही लागली नाहीत. पावसाळ्यात एवढ्यावर भागणार नाही. ओल राहिली तर सकाळपर्यंत गंज दिसतो.

ब्लेडं वाळेपर्यंत चाकाच्या रबरी पट्टीवरचे टेंगळे लाकडाच्या चपट्या काडीनं खरवडले. पटाशी लावली असती तर रबर कापलं असतं. तेल मात्र सोड्याच्या ओल्या फडक्यानं तीनदा पुसावं लागलं. ब्लेडच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवरही डिंक होता, एक तर फिरतच नव्हतं. ती साफ करून ब्लेडपासून कागदाएवढ्या फटीवर बसवली. खालच्या चाकाला लागून एक जुना दात घासायचा ब्रश स्क्रूनं पक्का केला, म्हणजे भुसा बसायच्या आधीच झडतो.

राहिलं वंगण. लाकूड जाण्याच्या वाटेवर ओलं काहीच नको, हे आता पटलं होतं. म्हणून साधी पांढरी मेणबत्ती घेतली. ब्लेड चढवून ताण दिला, प्लग बाहेरच ठेवला आणि वरचं चाक हातानं फिरवत ब्लेडच्या दोन्ही अंगांना मेण घासलं. दिसेल न दिसेल इतकाच थर. मेणावर भुसा तेलासारखा लगदा होऊन बसत नाही. कापलेल्या फळीला जो अंश लागतो तो पुढं रंध्यात निघून जातो.

मशीन सुरू केली. या आकाराच्या मशीनचं ब्लेड मिनिटाला सुमारे ३,००० फूट पळतं, म्हणजे तोच दात सेकंदाला सहा वेळा लाकडात शिरतो. एवढ्या वेगात थोडाही थर काय करत असेल, ते पहिल्या कापातच कळलं. आवाज एकसारखा, भुसा सुटा, लाकूड दोन बोटांच्या दाबानं पुढं जात होतं. फळी दोन्ही टोकांना २० मिलिमीटर.

आता ओलं लाकूड असेल तर दर चार-पाच फळ्यांनी थांबतो, ब्रश मारतो, मेण लावतो. भुसा लगद्यासारखा पडायला लागला की मोजत बसत नाही, तेव्हाच थांबतो. काम संपलं की ताण सैल करतो.

फळ्या शेडच्या भिंतीशी मधे पट्ट्या देऊन रचल्या आहेत, टोकांना रंग लावलाय, सावकाश वाळू देत. आप्पांनी रोज संध्याकाळी येऊन वरच्या फळीवरून हात फिरवायचा नेम धरलाय. काल त्यांनी त्यातली एक बाजूला काढली, जिच्यात बारीक गाठ आहे ती, आणि म्हणाले, "ही माझी."