नेहमीचंच ना?

शुक्रवार, रात्री साडेनऊ

दुपारी दादाचा मेसेज आला. "नेहमीचंच ना?" बस, एवढंच. मी अंगठा पाठवून मोकळी झाले, आणि तेव्हापासून ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीयेत.

आमच्या मिडवेच्या लढाईच्या खेळात (दादा जपान, मी अमेरिका, दोघांचे हुकूम पंचाकडे) आत्ता ३ जून १९४२ ची संध्याकाळ आहे. एंटरप्राइज, हॉर्नेट आणि यॉर्कटाउन, माझी तिन्ही विमानवाहू जहाजं, मिडवे या पॅसिफिकमधल्या अमेरिकी बेटाच्या ईशान्येला सव्वातीनशे मैलांवर उभी आहेत. त्या जागेचं नाव पॉइंट लक. खऱ्या लढाईत जिथे होती तिथेच. यात नेहमीचं काय, असं विचारायलाही तोंड नाही, कारण अमेरिकेची बाजू माझ्याकडे आली की मी तिथेच जाते. जागाच तशी आहे. मिडवेची विमानं आपल्या वतीने दूरवर शोध घेतात, शत्रू मिडवेत गुंतला की त्याच्या बगलेत शिरता येतं, आणि पहिल्या उजाडीला त्याच्या टेहळणी विमानांना आपण सहजी सापडत नाही. आता हे सगळं त्यालाही पाठ आहे, त्याला मी काय करू?

त्याचा डाव ओळखायची माझी रीत चुकीची नाही, असं मला अजूनही वाटतं. विमानवाहूंकडे बघायचंच नाही, त्या हव्या तिथे पळतात. बघायचं मालवाहूंकडे. आज सकाळी नऊला माझ्या कॅटालिनाला, म्हणजे मिडवेवरच्या लांब पल्ल्याच्या टेहळणी विमानाला, पश्चिमेला ६०० मैलांवर त्याचा सैन्य घेऊन येणारा काफिला दिसला, वेग १२ नॉट. सहाशे भागिले बारा, पन्नास तास. म्हणजे ५ तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला ती जहाजं मिडवेसमोर. त्याआधी धावपट्टी आणि किनाऱ्यावरच्या तोफा गप्प करायला त्याला निदान एक अख्खा दिवस हवा, म्हणजे हल्ला उद्याच, उजाडताच. साडेचारला विमानं उडवायची तर तेव्हा तो मिडवेपासून दोनशे मैलांच्या आसपास हवा. तिथून मागे मोजत यायचं: २४ नॉटने साडेसतरा तास, ४२० मैल. म्हणजे आज सकाळी अकराला तो साधारण ६२० मैलांवर होता. कॅटालिना ७०० पर्यंत जाते. तो दिसायलाच हवा होता.

वायव्य पट्ट्याचा अहवाल आला: निरंक.

या निरंकने माझा घात केला आहे. आमच्या नियमांत तिथे कोणी नसेल तरी पंच निरंकच लिहितो आणि ढगांमुळे काही दिसलं नसेल तरी निरंकच. बरोबरच आहे म्हणा, खऱ्या वैमानिकालाही ढगाखाली काय होतं ते कुठे कळत होतं? ३ जूनला जपानी विमानवाहूंचा सेनापती नागुमो वायव्येकडून असाच ढगाधुक्याच्या आडून आला. पण मी तो शब्द दुपारभर 'तो तिथे नाही' असाच वाचत बसले होते.

वारा आग्नेयेचा आहे, हेही धरायला हवं. विमानं चढवायला जहाज वाऱ्यावर घ्यावं लागतं. वायव्येकडून मिडवेकडे येणाऱ्याचं तोंड आपोआपच वाऱ्यावर असतं, तो विमानं उडवत उडवत पुढे सरकतो. मी मात्र तासभर उड्डाणं केली की २५ मैल भलतीकडेच गेलेली असते. त्यात माझ्या डेव्हास्टेटर विमानांचा टॉर्पेडोसकट पल्ला जेमतेम पावणेदोनशे, त्याचा अडीचशेच्या घरात. म्हणून शहाणा माणूस वायव्येकडूनच येईल. दादा शहाणा आहे. मला हे कळतं हे दादाला माहीत आहे, आणि त्याला ते माहीत आहे हे मला... या जिन्याला गच्ची नाही.

आणि हा जिना मी एकटीच चढत असते, तो खाली चहा पीत बसलेला असतो, असं आज पुन्हा वाटलं. लहानपणी पत्त्यांतसुद्धा. जाऊ दे.

खऱ्या लढाईआधी गुप्तवार्ता अधिकारी लेटनने अमेरिकी आरमारप्रमुख निमिट्झला सांगितलं होतं की जपानी वायव्येकडून, ३२५ अंशांवरून येतील आणि मिडवेपासून १७५ मैलांवर सकाळी सहाच्या सुमाराला दिसतील. प्रत्यक्षात चूक निघाली ५ मैल, ५ अंश आणि ५ मिनिटांची. हा किस्सा मला कोणी ना कोणी ऐकवतंच. पण लेटनच्या पाठीशी रोशफोर्टचं ते पर्ल हार्बरचं तळघर होतं! जपानी सांकेतिक भाषा फोडणारी माणसं होती. जपानी संदेशांतलं 'एएफ' म्हणजे मिडवेच का, हे पडताळायला गोडं पाणी करणारं यंत्र बंद पडल्याचा खोटा संदेश उघड्या भाषेत सोडला, आणि 'एएफ'वर पाण्याची टंचाई आहे असं जपान्यांनीच आपसांत कळवलं. माझ्याकडे काय आहे? पंचाचा निरंक आणि दादाचे दोन शब्द.

ते दोन शब्द रविवारी तो किती वाजता येणार याबद्दलही असू शकतात. नेहमीचंच, म्हणजे साडेनऊ. असू शकतात. पण नाहीत.

कारण आत्ता नकाशा पुसायला घेतला आणि माझंच मला दिसलं. मागच्या खेळात त्याने पूर्वेकडून वळसा घातला होता, तेव्हापासून मी मिडवेभोवती पूर्ण वर्तुळ हुडकते. वीस कॅटालिना, रोज. फक्त ०३० ते ०७० अंशांची फोड सोडून. का, तर तिथे माझीच जहाजं आहेत, मग विमान कशाला फुकट घालवा. पाणबुडीवरून विमान गेलं की तिला बुडी मारावी लागते आणि पंच ते तिच्या मालकाला कळवतो. म्हणजे तीनशेवीस अंशांत त्याच्या पाणबुड्या दिवसभर बुड्या मारतायत आणि एका फोडीत मात्र खुशाल वर तरंगतायत. माझं आरमार कुठे आहे हे मी रोज सकाळी पाटी लिहून टांगते आहे. मंगळवारी पंचाने 'ईशान्येकडून रेडिओ, अंतर अज्ञात' असं कळवलं होतं. मी त्यावर बरोबरची खूण करून पुढे गेले.

हसूच आलं. मी त्याच्या मनात शिरायला सात पायऱ्या चढते आणि तो माझ्या मनाच्या वाटेलाही जात नाही. माझी विमानं कुठे जात नाहीत तेवढं मोजतो.

(हुकूम पाठवायची वेळही असणार. काही करायचं नसतं तेव्हा मी दहा मिनिटांत पाठवते. हल्ला असला की अकरा वाजतात. दोघांचे आल्याशिवाय पंच निकाल देत नाही, म्हणजे त्याला कळतंच.)

मे १९४२ मध्ये यामातो या जपानी युद्धनौकेवर याच लढाईचा नकाशावर सराव झाला, तेव्हा फाशांनी जपानी विमानवाहूंवर नऊ बॉम्ब लागल्याचा कौल दिला होता. अॅडमिरल उगाकीने पंच या नात्याने त्याचे तीन केले, आणि बुडालेली कागा ही विमानवाहू पुढच्या डावाला पुन्हा तरंगायला लागली. आमचा पंच इतका प्रेमळ नाही. यॉर्कटाउन गेली की गेली.

तर आता काय. जहाजं हलवायची तर रात्रीचे दहा तास आहेत, २५ नॉटने अडीचशे मैल. पण विनाशिकांचं तेल इतक्या वेगात भसाभस जातं आणि परवा मला पळायलाही ते लागेल. १५ नॉटने नैर्ऋत्येला, दीडशे मैल. पहाटे मिडवेच्या ईशान्येलाच, पण पावणेदोनशेच्या आसपास. तो खरंच वायव्येला असेल तर त्याच्या पल्ल्यात आयती जाईन, पण तोही माझ्या पल्ल्यात असेल, आणि पाणबुड्या रिकाम्या पाण्याचा पहारा करत बसतील. शिवाय नागुमोसारखा ऐनवेळी टॉर्पेडो काढून बॉम्ब लावायचा घोळ दादा घालणार नाही. त्याची निम्मी विमानं टॉर्पेडो लावून तयारच असतील, म्हणून माझ्या फायटरांपैकी दोन तुकड्या वरच ठेवायच्या, हल्ल्यासोबत एकच.

कॅटालिना: ३०० ते ३३० मध्ये दुप्पट. ०३० ते ०७० मध्ये दोन, बिनकामाच्या. जाऊ देत उडत.

हुकूम लिहून झाला, दहाला पाच कमी आहेत. आत्ताच पाठवते. की अकरा वाजू द्यावेत?