पिवळा दिवा आणि दीडशे डॉलर

गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तसा इथं अमेरिकेतल्या गॅरेजला फोन केला. ‘डायग्नोस्टिक फी’ दीडशे डॉलर, दुरुस्तीचे वेगळे. म्हणजे नुसतं काय झालंय ते सांगायचे! आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात मेस्त्री “रेस द्या जरा” म्हणत बॉनेटला कान लावतो. त्या कान लावण्याचं बिल अजून कुणी फाडलेलं नाही.

मग घरीच बघायचं ठरवलं. कंजूषपणा म्हणा हवं तर, मी त्याला तत्त्व म्हणतो.

आता या देशाचं थोडं कौतुक, आणि ते जरा लांबेल. १९९६ पासूनच्या इथल्या पेट्रोलवरच्या प्रत्येक मोटारीत स्टिअरिंगच्या आसपास डॅशबोर्डखाली १६ पिनांचं एकाच मापाचं सॉकेट असतं, कंपनी कुठलीही असो. कंपन्यांची दानत नव्हे ही, सक्ती आहे. धुरक्यानं जेरीस आलेल्या कॅलिफोर्नियानं आधी रेटा लावला, मग अख्ख्या देशाला ती लागू झाली. त्यामुळे पंचवीस डॉलरचा ब्लूटूथ स्कॅनर खोचून माझ्यासारखा कारकुनी माणूससुद्धा गाडीच्या पोटातलं वाचू शकतो. गिऱ्हाइकाला एवढा हक्क कायद्यानं मिळावा, याचं मला अजून अप्रूप आहे.

बिघाडाचा कोड आला पी०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाच्या धुरातले विषारी वायू निवळणारा डबा, नीट काम करत नाही. नेटवर जो तो म्हणतो, बदलून टाका. खर्च हजार डॉलरच्या पुढं. पण कोड लक्षण सांगतो, रोग नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. माझ्या गाडीत पुढच्याचा आकडा सारखा वर-खाली होतो. मागच्याचा जवळपास स्थिर हवा. मागचाही नाचू लागला की गाडीचा संगणक कन्व्हर्टरवर ठपका ठेवतो. एक्झॉस्टच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरली, तरी मागचा सेन्सर फसतो.

मोबाईलवर हे आकडे बघत बाबांना व्हिडिओ कॉल लावला. शिरोलीच्या फाउंड्रीत उभं आयुष्य काढलेला माणूस. ते म्हणाले, “इंजिन गार असताना चालू कर आन् कान दे. तापलं की लोखंड फुगतंय, जोड मिटतोय, मग काय ऐकाय यायचं न्हाई. जोडापाशी काजळी हाय का तेबी बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फटफट ऐकू आली आणि काजळीही दिसली. जोड हवाबंद ठेवणारं गॅस्केट गेलेलं. ते बदललं, कन्व्हर्टर आहे तोच आहे.

इथले आमचे काही मराठी मित्र गाडीच्या सरकारी तपासणीच्या आदल्या रात्री स्कॅनरनं कोड पुसतात आणि हुशारी मारतात. न्यू जर्सीत तपासणीवाला त्याच सॉकेटात आपलं यंत्र खोचतो. कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात, त्या अपुऱ्या दिसल्या की गाडी परत. आपल्या पीयूसीबद्दल मी इथं काही बोलणार नाही. घरची गोष्ट घरात. मी कोड पुसला नाही. दोष गेल्यावर तीन ड्राइव्ह सायकल, म्हणजे गाडी स्वतःला तपासून घेईल अशा तीन फेऱ्या, ओळीनं स्वच्छ गेल्या की दिवा आपोआप विझतो. मात्र तो लुकलुकत असेल तर स्कॅनर-बिनर राहू द्या, गाडी थांबवा. इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरला खरोखर जाळतं.

बाबांनी गॅस्केटची किंमत विचारली. रुपयांत सांगितली.

“लुटत्यात की रं तुमास्नी,” म्हणाले, आणि दिवाळीला येताना तसला एक स्कॅनर आणायला सांगितलं.