करंगळीच्या बाजूचं हाड

केसपेपरवर रात्रपाळीच्या डॉक्टरनं लिहिलं होतं: दारूच्या नशेत घरी पडली, डाव्या भुवईवर जखम, डावा हात सुजलेला, तोंडाला दारूचा वास. माहिती देणारा, नवरा. असा कागद तयार झाला की पुढं कुणी काही विचारत नाही. पुरुष पिऊन पडला तर निदान ‘कुणाशी वाजलं का’ एवढं तरी विचारतात. बाई पिऊन पडली की चौकशी तिथंच संपते.

मी नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ही सकाळ. बाहेरून येणाऱ्यांना पोळ्याचं नागपूर म्हणजे इतवारीतल्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आणि लाकडी बैल घेऊन सजलेली पोट्टी. कॅज्युअल्टीला त्या दिवसाची ‘कर’ माहीत असते. मटण, दारू आणि रात्री फुटून आलेली डोकी. त्या सकाळी एकेका खाटेवर दोन-दोन माणसं होती. (बाईची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

पस्तिशीची असेल. भुवईला टाके, हात प्लास्टरच्या स्लॅबमध्ये. नवरा शेजारी उभा, आंघोळ करून आलेला, इस्त्रीचा शर्ट. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, “बाई पेते जी मॅडम. समजावून समजावून थकलो. आता तुमीच सांगा दोन गोष्टी.”

सांगितल्याही असत्या कदाचित. तेवढ्यात हाडांच्या विभागाचे रेसिडेंट डॉक्टर आले आणि मोबाइलवर तिचा एक्स-रे मोठा करून मला दाखवायला लागले. मला हाडांतलं काही कळत नाही, पण त्यांनी सांगितलं ते अजून डोक्यात पक्कं आहे. माणूस पडतो तेव्हा आपसूक तळहात टेकतो, आणि मोडतं ते मनगट, अंगठ्याच्या बाजूनं. हिचं मनगट शाबूत होतं. मोडलं होतं करंगळीच्या बाजूचं हाड, तेही बरोब्बर मधोमध. अंगावर येणारा दांडा अडवायला हात चेहऱ्यासमोर आडवा धरला की मार याच हाडावर बसतो. पुस्तकात त्याचं नावच ‘नाइटस्टिक फ्रॅक्चर’ आहे, पोलिसाच्या दंडुक्यावरून पडलेलं. “असं पडून होणं अवघड आहे, मॅडम,” एवढं म्हणून ते पुढच्या खाटेकडं गेले.

नवऱ्याला मी एक्स-रेची पावती आणि आधारची झेरॉक्स आणायला पाठवलं. सणानंतरचा दिवस, खिडकीवर मारुतीच्या शेपटासारखी रांग. त्या रांगेचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. नवऱ्यासमोर, सासूसमोर, अगदी सात-आठ वर्षांच्या पोरासमोरही हे प्रश्न विचारायचे नसतात. आमच्या कामातला हा पहिला नियम.

ड्रेसिंगरूमच्या आडोशाला बसवून म्हटलं, “ताई, घरी ज्यांना त्रास होतो अशा बऱ्याच जणी इथं येतात, म्हणून मी प्रत्येकीला विचारते. हात कशानं मोडला?”

ती आधी माझ्या ओळखपत्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मी पेते, मॅडम. ते खोटं नाही.”

दारू किती हे आधी विचारून घेतलं, कारण त्यावर तिच्या जिवाचा हिशेब होता. केटररकडं पुऱ्या लाटायला जाते. लग्नाच्या सीझनला रात्र-रात्र उभं राहायचं, पाठ मोडते. तिथल्याच एका बाईनं पहिल्यांदा चहाच्या कपात थोडी ओतून दिली. आता रोज अर्धा पव्वा, कधी पूर्ण. देशीचा पव्वा म्हणजे 180 मिली, त्यात सुमारे 60 ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. 10 ग्रॅमचा एक पेग धरला तर सहा पेग. ‘ऑडिट’ नावाची जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची यादी आहे, 8 गुणांपासून पुढं धोका धरतात. तिचे 8 पहिल्या तीन प्रश्नांतच झाले. चहाचा ग्लास तोंडाकडं नेताना हात थरथरत होता आणि कपाळावर घाम होता. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हे सुरू होतं. पुढच्या दिवस-दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रमही होतो. म्हणजे नवरा म्हणत होता तशा ‘दोन गोष्टी’ सांगून, शपथ घालून, आजपासून बंद म्हणून घरी पाठवणं तिच्या जिवावर बेतू शकलं असतं. मनोविकार विभागाच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला.

मग विचारलं, दारूनं तुम्हाला काय बरं वाटतं?

हा प्रश्न ऐकून बायका दचकतात. तिलाही वाटलं असावं की मी फिरकी घेते आहे. थांबून म्हणाली, “आधी घेतली का मार कमी लागते.”

माझ्यासोबत फील्डवर्कला आलेली एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यात एमए करणारी मुलगी लिहिता लिहिता थांबली.

“तो दहाच्या नंतर येते. मी साडेनऊले घेऊन घेते. मग काय कराचं ते कर म्हणा.”

आणि न बरं वाटणारं काय?

या प्रश्नाला तिनं बराच वेळ घेतला. पोरगं बोलत नाही म्हणाली. पैसे जातात म्हणाली. मग स्लॅबमधला हात मांडीवर नीट ठेवत म्हणाली, “पळता नाही आलं काल. शेजारच्या काकूचं दार पाच पावलावर हाये. पोट्टं पळालं, मले उठताच नाही आलं.”

या पद्धतीच्या बोलण्याचं प्रशिक्षण आम्हाला मिळतं. वीस-तीस मिनिटं, उपदेश नाही, कारणं समोरच्याच्या तोंडून यायला हवीत, ती आपण फक्त परत तिच्यासमोर ठेवायची. मी तेवढंच केलं. “म्हणजे साडेनऊला घेतलेली दहा वाजता तुमचे पाय धरते.” ती हसली, भुवईचे टाके ताणल्यावर हसू आवरलं. “धरतेच.” दारू सोडायचं ती बोलली नाही, मीही नाही. तिनं स्वतःच ठरवलं ते असं: डॉक्टर देतील त्या गोळ्यांवर कमी करायची, आणि तो घरात असेल त्या रात्री त्याच्या आधी घ्यायची नाही. आधार, राशन कार्ड, पासबुक काकूंकडं पिशवीत ठेवायचं. पोराला 112 लावायला शिकवायचं. अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी ‘सखी’ केंद्रात आणि पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये कुणाला भेटायचं ते मी सांगितलं. चिठ्ठी नको म्हणाली, तो खिसे तपासतो. ब्लाऊजमध्येसुद्धा? “तिथं तर पयले.” मग नंबर काकूंच्या फोनमध्ये ‘पुरीवाली ताई’ म्हणून टाकायचं ठरलं.

रेसिडेंट डॉक्टरांनी दुपारी तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहिलं, खाली हाडाचं वर्णन, दुखापत सांगितलेल्या मारहाणीशी जुळते असा शेरा. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, झाली. नवऱ्यानं काउंटरवर आवाज चढवला, “दारुड्या बाईचं ऐकून राहिले तुमी?” कायद्यात तर कुठंही बाई निर्व्यसनी असावी अशी अट नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो, संरक्षण अधिकाऱ्याकडून घटनेचा अहवाल देतो, आणि दवाखान्याला उपचार नाकारू देत नाही. दारू तिनं प्यायली होती. दांडा त्यानं उचलला होता. या दोन वाक्यांना जोडणारं ‘म्हणून’ आपण घालतो.

संध्याकाळी एमएसडब्ल्यूच्या मुलीनं विचारलंच, “मॅडम, वीस मिनिटांनी खरंच काही होतं?”

तिला खरं तेच सांगितलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या इमर्जन्सी विभागांत नेमक्या अशाच 600 बायकांवर, म्हणजे जोडीदाराचा मार आणि भरपूर दारू दोन्ही असलेल्यांवर, हे करून पाहिलं होतं. 2015 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. एका गटाशी प्रशिक्षित थेरपिस्ट असंच बोलले, नंतर फोनही केला. दुसऱ्या गटाला हे बोलणं मिळालं नाही. काळ जाईल तशी दारू आणि मार दोन्ही गटांत कमी झाले, पण बोलण्यामुळं म्हणून वेगळा फरक दिसला नाही. गोव्यात पिणाऱ्या पुरुषांवर झालेला प्रयोग 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथं डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांच्याशी असंच बोलायचं काम केलं. तीन महिन्यांनी घातक पिणं सुटलेले 36 टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारातले 26. दारू उतरली, पण बायकोला मारणं काही त्यामुळं कमी झालेलं दिसलं नाही.

“मग?” ती म्हणाली.

मग काय. फिलाडेल्फियात बोलणं झालं बाईशी आणि हात होता त्याचा. तो थांबला नाही यात मला नवल वाटत नाही. मी वीस मिनिटांकडून त्याचा हात थांबण्याची अपेक्षाच ठेवत नाही. पण ती वीस मिनिटं बसलो नसतो तर ‘पडली’ हाच शब्द कागदावर राहिला असता, फिट येऊन ती घरी पडली असती, आणि तेव्हा तर ती खरोखरच पडली असती. असल्या गोष्टी अभ्यासाच्या तक्त्यात मोजत नाहीत, त्यात त्यांचा दोषही नाही. आपल्याकडं तर या बायका मोजणीतच येत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात पिणारे पुरुष 13.9 टक्के, बायका 0.4. घरी आलेल्या अनोळखी माणसाला कोणती बाई हो म्हणणार आहे? माझ्या कॅज्युअल्टीत मला त्या दिसतात, कारण तिथं वास लपवता येत नाही.

प्लास्टर काढायला ती काकूंसोबत आली. मधल्या काळात त्यानं एकदा हात उचलला होता. ती शुद्धीत होती, पोराला घेऊन काकूंच्या दारात पोचली आणि दार लावून घेतलं. दारू सुटलेली नाही. आठवड्यातले काही दिवस कोरडे जातात, काही जात नाहीत. संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज झाला, त्याला एक्स-रेचा रिपोर्ट जोडला. कोर्टात जायचं की नाही यावर तिचं मन अजून दोलायमान आहे आणि मी घाई करत नाही.

निघताना तिनं मनोविकार ओपीडीचे वार विचारले. पुढची तारीख मी बुधवारची म्हटल्यावर म्हणाली, “बुधवारी वाडीले लग्नाच्या पुऱ्या आहेत, मॅडम. मंगळवार जमते का पाहा ना.” मी फोन उचलला आणि मंगळवार करून घेतला.