तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी तिथे फ्लॅट घेईन

बंद कारखान्याच्या जागी खाली दुकानं, वर फ्लॅट होणार म्हटल्यापासून लग्नाच्या पंगतीतही मला एकच प्रश्न: "तिथली दूषित जमीन साफ करायचं काम तुमच्याकडे आहे ना? मग तुम्ही घ्याल का तिथे फ्लॅट?"

घेईन. फक्त बोअरचं पाणी नळाला जोडलेलं नसावं.

क्रोम प्लेटिंगची शेड होती ती. टाक्या केव्हाच भंगारात गेल्या, पण सांडलेलं पाणी वर्षानुवर्षं कोब्याच्या भेगांतून खाली मुरलं. खाली जांभा, तो पाणी अडवत नाही. आणि वरून आपला तीन हजार मिलिमीटरचा पाऊस. भिंतीही चिऱ्याच्या, म्हणजे त्याच जांभ्याच्या घडीव दगडांच्या. टाक्यांमागच्या भिंतीवर उन्हाळ्यात हळद सांडल्यासारखी पूड फुटायची. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. कॅन्सर करणारं. जमिनीत हिराकसाचं (फेरस सल्फेटचं) पाणी सोडलं की त्याचं कमी घातक क्रोमियम होतं. चिरे मात्र घातक कचरा म्हणून तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रात पाठवायचे.

ठेकेदाराच्या माणसांनी त्यातले टेम्पोभर परस्पर विकले. जुना घडीव चिरा कोकणात टाकून कोण देतो? सापडले ते आमच्याच वाडीत, एका काकांच्या विहिरीच्या कठड्यात. मी पोचलो तेव्हा काकू त्याच कठड्यावर कळशी टेकवून उभ्या होत्या. वरच्या थरातल्या एका चिऱ्याच्या कडेची पिवळी रेघ काकांना दाखवली. म्हणाले, "शेवाळ सुकलंय ते." पाणी तपासायला पाठवलं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.05 मिलिग्रॅमपर्यंत क्रोमियम चालतं. हे त्याच्या आत आलं.

तरीही मी कठडा पाडायला लावला. पाऊस तोंडावर होता, चिऱ्यातलं सगळं धुऊन सरळ विहिरीत उतरलं असतं. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "मुंबईवाल्यांना फ्लॅट मिळावेत म्हणून माझी विहीर मोडतोस? तुझाच रिपोर्ट म्हणतो ना पाणी चांगलं आहे?"

नोकरीला लागलो तेव्हाचा मी काकांच्याच बाजूने बोललो असतो. आकडा मर्यादेत, विषय संपला. आता वाटतं, तो आकडा त्या दिवशीच्या बाटलीपुरता. पण मग त्याच आकड्यांच्या जोरावर मी तुम्हाला 'फ्लॅट घेईन' कसं सांगतो? फ्लॅटला पाणी नगरपरिषदेचं येणार, विहिरीत मात्र मुरेल तेच येणार, हे माझं उत्तर. मला ते पटतं, निदान दिवसा.

दूषित जागांसाठी केंद्राने 2025 मध्ये नियम काढले, ज्याने घाण केली त्याने खर्च भरायचा. इथे कंपनीच बुडालेली, तेव्हा काकांच्या कठड्याचे पैसे मागायचे कुणाकडे? मी देऊ केले, तर त्यांनी घेतले नाहीत.

आणि हो, तळघरात पार्किंग नको असं मी बिल्डरला लिहून दिलंय. खड्डा खणला की भूजल त्यातच येणार. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. बुकिंग चालू आहे.