तुमचा बँड कुठला?

कोजागिरीचं दूध आमच्या गच्चीवर कधीच वेळेत आटत नाही. आठ लिटर दूध, एक शेगडी आणि भोवती बारा सल्लागार. कुणी म्हणतं ढवळत राहा, कुणी म्हणतं हात लावू नका, साय धरू द्या. त्यात ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत जुनी, लिफ्ट नसलेली, पुनर्विकासाकडे डोळे लावून बसलेली. चार जिने चढून वर आलेला माणूस ‘जरा खाली जाऊन येतो’ असं चुकूनही म्हणत नाही. आणि समोर टॉवर झाल्यापासून आमचा चंद्रसुद्धा पाऊण तास उशिरा उगवतो. पंचांग काही म्हणो, टॉवरवाल्यांचं झालं की मग तो आमच्याकडे वळतो.

तर गेल्या कोजागिरीला वेळ भरपूर होता. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने डब्याएवढा एक स्पीकर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि जाहीर केलं, “एक गेम खेळू. प्रत्येकाने आपला ऑल टाइम फेव्हरेट बँड नाहीतर आर्टिस्ट सांगायचा. एकच. आणि त्याचं एक गाणं लावायचं.”

सगळा घोटाळा त्या ‘एकच’ने केला. मराठी माणसाला आवडत्या भाज्या विचारल्या तरी तो चार सांगून वर ‘तशी सगळ्याच खातो’ म्हणतो. इथे तर गाणं.

सुरुवात त्याने स्वतःपासून केली. कोल्डप्ले. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे तीन कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. हा पहिल्याला होता. तिकिटासाठी रविवारी सकाळी मोबाइल, लॅपटॉप आणि आईचा मोबाइल अशी तीन यंत्रं मांडून तो कसा बसला होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, कारण त्या दिवशी त्याच्या आईला घरात कुकरची शिट्टीही होऊ द्यायची नव्हती. एरवी ज्या ट्रान्स हार्बरच्या गाडीत ऐरोली-घणसोलीला उतरणारी नोकरदार मंडळी पेंगत असतात, त्या गाडीत ठाण्यापासून नेरूळपर्यंत पोरं गात गेली म्हणे. कार्यक्रमात प्रत्येकाला मनगटात घालायला एक पट्टा देतात, गाण्याबरोबर हजारो मनगटं एकदम लाल, एकदम पिवळी होतात. पट्टा निघताना परत करायचा असतो. याने केला नाही. खिशातून काढून त्याने तो आम्हाला दाखवला. पांढरा, जरा मळलेला.

“लागत नाही का?” कुणीतरी विचारलं.

“इथे नाही लागत. तिथलीच सिस्टिम लागते त्याला.”

“मग कशाला ठेवलाय?” त्याच्या आईने विचारलं. हा प्रश्न तिने जानेवारीपासून बऱ्याचदा विचारलेला असावा, कारण तो गाणं लावायला वळला.

दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ वागळे इस्टेटमधून निवृत्त झालेले. त्यांनी एकच शब्द उच्चारला, “अण्णा.” पुढे काही सांगायची त्यांना गरज वाटली नाही. पंडित भीमसेन जोशी असं पूर्ण नाव घेणं म्हणजे त्यांच्या मते स्वतःच्या वडिलांना आडनावाने हाक मारण्यासारखं. अण्णांनी आपल्या गुरूंच्या नावाने पुण्यात १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. भाऊ तिथे वर्षानुवर्षं मफलर गुंडाळून भारतीय बैठकीत बसले. शेवटचं गाणं अण्णांचं, म्हणून उठायची सोय नव्हती. पायांना मुंग्या आल्या तर त्या मुंग्यांसकट ऐकायचं.

या नावांचं मला फार दिवसांपासून कुतूहल आहे. आपल्याकडे माणूस एखाद्या कलाकाराच्या नादी लागला की आधी नातं जोडतो. सुधीर फडके बाबूजी. लता मंगेशकर दीदी. किशोरी आमोणकर ताई. राहुल देव बर्मन नुसता पंचम, तोही एकेरीत, जणू लहानपणी याच्याबरोबर गोट्या खेळला होता. कुमार गंधर्वांचे चाहते त्यांना ‘कुमार’ म्हणतात आणि असे म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आत्ताच देवासला जेवून आलाय. कोल्डप्लेवाल्याला मी विचारलं, तुम्ही त्या गायकाला काय म्हणता? म्हणाला, क्रिस. यात गंमत नाही. क्रिसला कुणी काका केलेलं नाही, तोवर तो आमच्या गच्चीवर पाहुणाच.

लता की आशा हा वाद मी इथे देत नाही. दूध उतू जाण्याची वेळ आली होती आणि दोन्ही बाजूंच्या हातात पळ्या होत्या, एवढं पुरे.

पंचमवाल्यांचं मात्र सांगायला हवं, कारण ही जमात वेगळी. इतर चाहते गाणं ऐकवतात, हे गाण्यातला सेकंद ऐकवतात. आमच्याकडचा पंचमभक्त बँकेत आहे, एरवी मितभाषी. नंबर आल्याबरोबर त्याने स्पीकर बंद करायला लावला, दुधासाठी आणलेल्या काचेच्या ग्लासांतला एक उचलला आणि चमच्याने काठावर हलकेच टिचकी दिली. टिंग. मग पुन्हा, जरा लांबवून. १९७३ सालच्या त्या ‘चुरा लिया’ गाण्याची सुरुवात अशीच काचेवरच्या चमच्याने होते, हे बोलायची वेळच आली नाही. गच्चीवरच्या चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसाने पुढची गिटार तोंडाने वाजवली. पंचमभक्ताचा चेहरा तेवढा पडला. त्याला ते समजावून सांगायचं होतं.

पहिल्या मजल्यावरच्या इतिहासाच्या सरांनी सगळ्यांना चकित केलं. “फ्रेडी मर्क्युरी,” ते म्हणाले. “आपल्या पाचगणीचा.” मग पंधरा मिनिटं माहिती. मूळ नाव फारुख बलसारा, पारशी घर, जन्म १९४६ साली झांझिबारला, शाळा मात्र पाचगणीच्या बोर्डिंगात. तिथेच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, त्यात हा पियानोवर. पुढे लंडन, पुढे क्वीन, पुढे सगळं जग. “पण पाया पाचगणीचा,” सर म्हणाले. जगात कुणी मोठं झालं की त्याने महाबळेश्वर तालुक्यात कुठे पाणी प्यायलं हे शोधण्यात सरांचा हात कुणी धरणार नाही.

“सर, गाणं कुठलं लावू?”

“गाणं तुम्ही लावा. मी माहिती दिली.”

तळमजल्यावरच्या मावशी एवढा वेळ खुर्चीत बसून वेलदोडे सोलत होत्या. माहेर चेंदणी कोळीवाड्याचं, लग्न होऊन गेल्या तेही तिथेच चार घरं सोडून. आमच्या इमारतीत त्या आल्या मुलाने फ्लॅट घेतल्यावर. त्यांना कुणी विचारणार नव्हतं, म्हणजे विसरूनच गेले होते. त्यांनीच विचारलं, “बँडचं चाललंय ना? आमचे हलदीला होता तो बँड. तसा परत झाला नाय.”

पोरं हसली. माझ्याही तोंडावर हसू आलं असणार. तसं पाहिलं तर आपल्या भाषेत बँड म्हणजे तोच. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, लग्नाच्या पुढे चालणारा. बीटल्स म्हणवणारी लिव्हरपूलची चार पोरं नंतर आली. आणि कोळ्यांच्या हळदीत ब्रास बँड ही काही तोंडी लावायची गोष्ट नाही, तिथे रात्र रात्र त्याच्यावर चालते.

मावशींना मास्तरचं नाव आठवत नव्हतं, बँडचंही नाही. काळी पिपाणी वाजवणारा उंच माणूस होता, म्हणजे क्लॅरिनेट, आणि तो म्हणे सूर धरला की सोडायचाच नाही. मागचे ढोलवाले थकायचे, हा नाही. “मी नवरी, मना कोण नाचू देणार? हलद लावून पाटावर बसवलेली. नुसते पायांचे अंगठे हलत होते.” त्यांनी वेलदोडा दाखवावा तसा अंगठा दाखवला. “सासूने पायलं. बोलली, ही नाचरी दिसते.”

कोल्डप्लेवाला मुलगा चांगला आहे हे मला तेव्हा कळलं. त्याने मोबाइलवर शोधून एक कोळी ब्रास बँड लावला. सगळे टाळ्या वाजवू लागले. मावशींनी दोन ओळी ऐकल्या आणि मान हलवली, “यात पिपाणी नाय. ही पेटी हाय बटनांची.” कीबोर्ड होता. दुसरा लावला, तो बेंजोवाला निघाला. “नाय.” तिसऱ्यात क्लॅरिनेट होती पण मावशींच्या मते वाजवणारा घाईत होता. भाऊंनी मान डोलावली. घाईचं त्यांना पटलं. असे पारखून घेणारे कान मी सवाईच्या मांडवातही फार पाहिलेले नाहीत. चौथ्याला मावशी काही बोलल्या नाहीत. वेलदोडे सोलणारा हात थांबला. मी खाली पाहिलं. रबरी चपलेत अंगठा वर-खाली होत होता.

माझा नंबर जवळ येत होता आणि मी अस्वस्थ होतो. कारण माझं उत्तर १९९१ पासून ठरलेलं आहे आणि ते खोटं आहे.

बारावीला असताना वर्गात स्लॅमबुक फिरायचं. आवडता रंग, आवडता हिरो, आवडता बँड. शेवटच्या रकान्यात मी ‘पिंक फ्लॉइड’ लिहिलं, कारण जिचं स्लॅमबुक होतं तिच्या भावाच्या टी-शर्टवर ते लिहिलेलं होतं. मग लिहिलंय म्हणून ऐकणं आलं. एका मित्राने त्यांचा १९७३ सालचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ मला उतरवून दिला. घरात नव्वद मिनिटांची एकच अर्धी मोकळी कॅसेट होती. बी बाजू बाबांची, ए बाजू ‘तुझ्या धांगडधिंग्याला’. अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा, बाजू ४५ची, चपखल बसला. कव्हर कुठून आणणार? मित्राने आतल्या कार्डावर बॉलपेनने एक त्रिकोण काढून दिला आणि त्यातून निघणाऱ्या दोन-चार रेघा.

मी तो अल्बम शेकडो वेळा ऐकला. शब्द कळत नव्हते. घड्याळं वाजायची ती आवडायची. शेवटी हृदयाचे ठोके येतात, हळूहळू विरत जातात. मग दोन मिनिटं नुसती खरखर. मग आमचा टेपरेकॉर्डर कट्‌कन आपोआप बाजू बदलायचा, आणि ठोक्यांच्या जागी आकाशवाणीच्या निवेदिकेचा आवाज. बाबांनी रेडिओसमोर माइक धरून ‘आपली आवड’ टेप केलं होतं. फर्माईश करणाऱ्यांची नावं यायची, ताई, दादा, बाळू, छोटी पिंकी आणि समस्त परिवार, गावोगावचे. मग माणिक वर्मा. दुसऱ्या कडव्याच्या आधी, संगीताच्या जागेत, आईचा आवाज यायचा, “उद्या डबा न्यायचाय का?” आणि लगेच बाबांचा, “श्श!”

कॅसेट कधीच गेली. ते गाणं मोबाइलवर स्वच्छ मिळतं. पण दुसऱ्या कडव्याआधी मी अजून थांबतो आणि तिथे काहीच येत नाही. हे गच्चीवर कसं सांगायचं? आणि सांगून लावायचं काय?

पण तेवढ्यात टॉवरच्या कडेने चंद्र बाहेर आला, “आला, आला” झालं, पातेल्यात चंद्र दिसला पाहिजे म्हणून पुन्हा बारा सल्लागार जमले, आणि स्पीकरकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. दूध शेवटपर्यंत पातळच होतं. वेलदोडा मात्र छान लागला होता.

रात्री रिकामं पातेलं दोघं मिळून उतरवत होतो. पहिल्या वळणावर तो मुलगा म्हणाला, “काका, तुमचं राहिलंच की. तुमचं कोण?”

माणिक वर्मा, असं तोंडाशी आलं होतं.

“पिंक फ्लॉइड,” मी म्हणालो.

तो पायरीवर थांबला. पातेल्याचं सगळं वजन क्षणभर माझ्याकडे आलं. इतक्या आदराने माझ्याकडे इमारतीत कुणी पाहिलेलं नाही, सेक्रेटरी होतो तेव्हाही नाही. “काका, भारी! कुठला अल्बम?”

“तोच रे,” मी म्हणालो. “पिरॅमिडवाला.”

“प्रिझम आहे तो, काका,” तो म्हणाला, आणि पातेलं पुन्हा नीट धरलं.