मापाचा ब्रेस आणि अनवाणी घर

गेले चौदा महिने माझ्या डाव्या पायात ब्रेस, म्हणजे पावलाला आणि घोट्याला आधार देणारे साधन, आहे. भेटणारा प्रत्येक जण "काय, फ्रॅक्चर का?" असे विचारतो आणि फ्रॅक्चर नाही म्हटल्यावर मग हे कशासाठी, हे रस्त्यात उभ्या उभ्या सांगणे मला जमत नाही, शिवाय दुखऱ्या पायावर फार वेळ उभे राहणे हाच तर मूळ प्रश्न आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

पोटरीच्या आत खोलवर असलेल्या एका स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा टेंडन घोट्याच्या आतल्या हाडामागून वळसा घेऊन पावलात उतरतो आणि तळव्याची कमान वर धरून ठेवतो. त्याचे नाव पोस्टेरियर टिबियल टेंडन. नेमका त्या वळणावर त्याला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे झीज झाली तर ती तिथेच होते आणि भरून यायला वेळ घेते. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांत, वजन जास्त असणाऱ्यांत, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांत हे दुखणे अधिक आढळते. यांपैकी बहुतेक रकान्यांत माझे नाव बसते, आणि त्यावर सव्वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून शिकवण्याची भर आहे.

खरे तर निदान प्रथम केले ते आमच्या चौकातल्या चांभारकाकांनी. चपलेचा तळ दाखवत ते म्हणाले, "बाई, डावी आतून खाल्लीय तुम्ही, उजवी जशीच्या तशी आहे." मी तळ बदलून घेतला आणि विषय सोडून दिला. वर्षभराने डॉक्टरांनी मला भिंतीकडे तोंड करून उभे केले व मागून पाहिले, तेव्हा उजव्या पायाचे एखादेच बोट बाहेरच्या बाजूने डोकावत होते, डाव्याची तीन दिसत होती. मग एका पायावर उभे राहून टाच उचलायला सांगितले. उजवी उचलली गेली. डावी जमिनीला खिळल्यासारखी राहिली, आणि मी भिंत धरून हसले, कारण इतकी साधी गोष्ट आपल्याला येत नाही यावर माझा विश्वासच बसेना.

जॉन्सन आणि स्ट्रॉम या डॉक्टरांनी १९८९ मध्ये या आजाराचे तीन टप्पे सांगितले, पुढे त्यांत चौथ्याची भर पडली. माझा टप्पा दुसरा, म्हणजे पाऊल सपाट झालेले आहे, परंतु हाताने वळवले तर अजून जागेवर येते. ब्रेसच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. वळणाऱ्या पावलाला ब्रेस योग्य जागी आणून तिथे धरू शकतो. सांधे आखडून गेले की त्याला वाकड्या पावलाचीच सोय पाहावी लागते.

त्याआधी मी औषधांच्या दुकानातून ताणाचा अँकलेट आणला होता. लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन मापांतला मध्यम. तो घोटा आवळतो, ऊब देतो, थोडी सूज आवरतो. मात्र आतल्या बाजूला कोसळणारी कमान उचलून धरणे हे त्याचे कामच नव्हे, हे मला आठ महिने आणि दोन अँकलेट संपल्यावर कळले. मुरगळलेल्या पायाला तो पुरतो. जुनाट दुखण्यात प्रत्येकाचे पाऊल वेगळ्या दिशेने आणि वेगळ्या प्रमाणात बिघडलेले असते, म्हणून तिथे बहुधा बेतून घेतलेला लागतो.

माझा ब्रेस मिरजेला झाला. माप घेणारी ऑर्थोटिस्ट, म्हणजे असे ब्रेस बेतून देणारी तज्ज्ञ, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिने गुडघ्यापर्यंत पातळ सुती मोजा चढवला आणि घोट्याची दोन्ही हाडे, कमानीजवळचे टोकदार हाड, चवड्याचा सांधा अशा जागांवर जांभळ्या पेन्सिलीने खुणा केल्या. नडगीवरून एक रबरी पट्टी सोडली, नंतर प्लास्टर कापताना पाते कातडीला लागू नये म्हणून. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या, आणि प्लास्टर आळेपर्यंत एका हाताने टाच व दुसऱ्या हाताने चवडा धरून पाऊल नडगीशी काटकोनात तोलून ठेवले. मी नकळत तिच्या बाजूने जोर लावत होते. "मॅडम, पाय सैल सोडा, मदत करू नका," ती म्हणाली. सगळे कौशल्य त्या चार-पाच मिनिटांत असते. तेव्हा पाऊल जरा जरी आत कललेले राहिले, तरी ब्रेस तो कल इमानाने जपतो. प्लास्टर आळताना गरम होते, आणि महिनोन्महिने ठणकणाऱ्या पायाला ती ऊब इतकी बरी वाटली की मला डुलकी आली.

पुढचे काम मी विनंती करून पाहिले. पोकळ साच्यात प्लास्टर ओतून माझ्याच पायाची पांढरी प्रतिकृती तयार होते, आणि जांभळ्या खुणा तिच्यावर उमटून येतात. जिथे हाड टोचण्याची शक्यता आहे तिथे प्लास्टरची भर घालतात, आणि जिथे आधार हवा तिथे, माझ्या बाबतीत कमानीखाली, ते खरवडतात. मग पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा, माझ्यासाठी चार मिलिमीटर जाडीचा, पत्रा भट्टीत ठेवतात. दुधाळ पांढरा पत्रा तापत तापत काचेसारखा पारदर्शक झाला की तो तयार. तो साच्यावर पांघरून निर्वात पंपाने घट्ट ओढून बसवतात आणि सावकाश निवू देतात. शेवटी कडा कापून गुळगुळीत करतात, आतून मऊ अस्तर लावतात आणि वेल्क्रोचे पट्टे बसवतात. माझ्या ब्रेसला घोट्यापाशी बिजागरी आहे, त्यामुळे पाऊल वर-खाली होते, जिना चढता येतो. फक्त आत कोसळणे बंद.

ब्रेस हाती आला की काम झाले असे मी समजले होते. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढवत न्यायचे आणि प्रत्येक वेळी काढून कातडी पाहायची. लाली वीस-तीस मिनिटांत गेली तर चालते, राहिली तर ती जागा चुकलेली आहे. दहाव्या दिवशी आतल्या घोट्यावर रुपयाएवढा लाल डाग राहिला. त्या मुलीने हीट गनने तेवढाच भाग तापवून बाहेर फुगवला, वेळ पाच मिनिटे. अशा चार खेपा झाल्या. त्यांतल्या एका खेपेचे कारण मोज्याची सुरकुती निघाले, म्हणजे चूक माझीच. बाकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थांचा मधुमेहाने पायाचा स्पर्श गेला होता. त्यांना टोचलेले कळतच नाही, म्हणून ते रोज रात्री आरसा धरून तळवे पाहतात. त्यांच्यासाठी तो लाल डाग म्हणजे जखमेची सुरुवात असू शकते. नस दुखावल्याने चालताना चवडा लोंबणाऱ्यांचा ब्रेस आणखी वेगळा, मागे पातळ पानासारखा लवचीक. तो पुढचे पाऊल टाकताना चवडा उचलून देतो.

मात्र सगळ्यात अवघड गोष्ट कोणी आधी सांगितली नाही. हा ब्रेस बुटातच काम करतो. गुळगुळीत प्लास्टिकचा तळ फरशीवर घसरतो आणि टाचेखाली बुटाची उंची नसली तर गुडघा मागे ढकलला जातो. आपण तर उंबऱ्याशी पायताण काढणारी माणसे. दिवसाची माझी अर्धी पावले ओटा, देवघर आणि जिना यांच्यातच पडतात, आणि ती सगळी अनवाणी. पहिले दोन महिने मी ब्रेस बाहेर जाताना घालत असे आणि फरक का पडत नाही म्हणून कुरकुरत असे. तोडगा सासूबाईंनी काढला: एक नवा बूट आणायचा, तो घरातच वापरायचा, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, आणि देवघरात जाताना काढायचा. अंबाबाईच्या दर्शनाला अर्थातच दोन्ही उतरवते. तेवढी पावले पायाने सोसायची. कोल्हापुरात राहून कोल्हापुरी घालता येत नाही, हे दुःख मी येथे नोंदवून ठेवते. टाचेला मागून धरणारे काही नसलेली ती सपाट चप्पल आणि हा ब्रेस यांचे जमणे शक्य नाही. डावा बूट एक नंबर मोठा लागतो, म्हणून जोडच मोठा घेतला आणि उजव्यात चांभारकाकांनी जास्तीचा सुखतळा घालून दिला.

खर्च साडेआठ हजार आला. माझ्या विमा कंपनीने तो नाकारला. केंद्र सरकारची १९८१ पासून चालत आलेली आडिप योजना दिव्यांगांना साधने देते, पण त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि माझ्यासारखी दुखणी त्या टक्क्यांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. माप कोणाकडून घ्यावे असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगते की ऑर्थोटिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, आणि नंतरच्या दुरुस्त्या किमतीत धरल्या आहेत का तेही विचारा.

ब्रेसने टेंडन बरा होत नाही, त्याच्यावरचा भार तेवढा कमी होतो. म्हणून रबरी पट्ट्याचे व्यायाम रोज आहेतच. सकाळी फ्रिजला हात टेकून मी डावी टाच उचलून पाहते. सध्या ती बोटभर उचलते. वेल्क्रोत धागे अडकून त्याची पकड गेली आहे, तेव्हा पुढच्या गुरुवारी मिरजेला जायचे आहे. फोनवर त्या मुलीने सांगितले की पोटरी बारीक झाली असेल तर नव्याने माप घ्यावे लागेल, आणि जुना साचा जागेअभावी फोडून टाकला आहे.